ताकद जाते कुठे?

‘काय होतंय?’ असं विचारलं की हार्ट फेल्युअरचा रुग्ण सहसा छातीवर हात ठेवत नाही. तो म्हणतो, ‘अंगात ताकदच राहिली नाही.’ सांगली-मिरजेच्या पट्ट्यात फिजिशियन म्हणून काम करताना हे वाक्य मी ऊसतोडीच्या गड्याकडून ऐकलं, हळदीच्या शेतात खुरपणाऱ्या बाईकडून ऐकलं, निवृत्त मास्तरांकडून आणि एसटीच्या वाहकाकडूनही ऐकलं. दम लागतो, पाय सुजतात, दोन-तीन उशा घेतल्याशिवाय रात्री पडवत नाही, हे सगळं नंतर, खोदून विचारल्यावर कळतं. पहिली तक्रार ताकदीची असते.

आम्ही शिकत होतो तेव्हा या आजाराचं सगळं वर्णन पाण्याभोवती असे. हृदयाला रक्त पुढे ढकलणं जमत नाही, म्हणून फुप्फुसांत आणि पायांत पाणी साठतं, ते लघवीवाटे काढायचं. यात चूक काहीच नाही. धापा टाकत आलेल्या माणसाला लॅसिक्सचं इंजेक्शन द्यावं आणि तास-दोन तासांत तो शांत आडवा होऊन झोपावा, याच्यासारखं समाधान आमच्या कामात क्वचितच मिळतं. पण सूज उतरलेला, वजन घटलेला, छाती मोकळी झालेला तोच माणूस दुसऱ्या दिवशी राउंडला म्हणतो, ‘मॅडम, पाणी गेलं खरं, पण ताकद काय आली न्हाई.’ त्याच्या या तक्रारीचं उत्तर पाण्यात सापडत नव्हतं. ते शोधताना मी हृदय ऊर्जा कुठून आणतं आणि कशावर खर्च करतं, याच्या अभ्यासाकडे वळले. तिथे जे समजलं त्याने माझी औषधं लिहिण्याची पद्धत बदलली आणि रुग्णांशी बोलण्याची पद्धत त्याहून जास्त बदलली.

हृदय हा जेमतेम तीनशे ग्रॅमचा स्नायू आहे. दिवसाला साधारण एक लाख ठोके, आणि त्यातून सात हजार लिटरच्या आसपास रक्त पुढे जातं. या कामाची ऊर्जा मिळते एटीपी नावाच्या रेणूतून. पेशीत त्याचा साठा इतका थोडा असतो की नवा एटीपी बनणं थांबलं तर तो काही सेकंदांत संपून जाईल. म्हणून पेशी तेच रेणू मोडते, पुन्हा जोडते, पुन्हा मोडते. दिवसभरात असा जितका एटीपी वापरला जातो त्याचं एकूण वजन सुमारे ६ किलो भरतं. म्हणजे हृदय रोज स्वतःच्या वजनाच्या वीसपट एटीपी तयार करतं आणि खर्चूनही टाकतं. हे काम मायटोकाँड्रियांत चालतं, आणि हृदयाच्या पेशीतली जवळजवळ एक तृतीयांश जागा त्यांनीच व्यापलेली असते.

यासाठी ऑक्सिजन किती लागतो, हे पुस्तकात वाचलं होतं, पण पटलं ते कॅथलॅबमध्ये. काही रुग्णांना खास पेसमेकर बसवतात, त्याची एक तार कोरोनरी सायनसमधून आत न्यावी लागते. हृदयाच्या स्नायूने वापरलेलं रक्त याच शिरेतून परत येतं. तिथे नळी पोहोचली की आलेल्या रक्ताचा रंग पाहावा. हातातल्या शिरेतून काढलेल्या रक्तापेक्षा ते कितीतरी काळपट असतं. एकूण शरीर रक्तातला ऑक्सिजन साधारण पाव हिस्सा घेतं. हृदय मात्र विश्रांतीतही सत्तर टक्क्यांच्या आसपास काढून घेतं. त्यामुळे जास्त काम पडलं की त्याच रक्तातून आणखी ऑक्सिजन ओढून घ्यायला फारशी जागा उरत नाही. रक्ताचा प्रवाहच वाढावा लागतो. १९४० च्या दशकाच्या अखेरीस रिचर्ड बिंग या संशोधकाने याच शिरेत नळी घालून जिवंत माणसाचं हृदय काय खातं, हे मोजायला सुरुवात केली. आत जाणाऱ्या रक्तात काय होतं आणि बाहेर येणाऱ्या रक्तात काय उरलं, यांची वजाबाकी केली की उत्तर मिळतं. निरोगी हृदय निम्म्याहून अधिक ऊर्जा फॅटी ॲसिडमधून घेतं आणि बाकीची साखर, लॅक्टेट, कीटोन यांतून. समोर येईल ते इंधन वापरायची त्याची तयारी असते.

ही ऊर्जा जाते कुठे? सुमारे दोन तृतीयांश आकुंचनाला लागते. उरलेली एक तृतीयांश पेशीतले पंप चालवायला जाते, आणि त्यातला मोठा वाटा कॅल्शियम परत आपल्या जागी नेऊन ठेवण्याचा. कॅल्शियम परत गेल्याशिवाय स्नायू सैल पडत नाही. थोडक्यात, हृदयाला आवळायला ताकद लागते तशी सैल व्हायलाही लागते.

ही एक गोष्ट नीट समजल्यावर मला कितीतरी रुग्ण नव्याने कळले. सत्तरीच्या एक आजी आठवतात. रक्तदाब जुना, मधुमेह जुना, वजन बरंच. देवळाच्या चार पायऱ्या चढल्या की थांबायच्या. इकोच्या रिपोर्टवर लिहिलेलं असायचं, ‘पंपिंग साठ टक्के, नॉर्मल.’ घरच्यांना वाटू लागलं, आजींना काही झालेलं नाही, त्यांना कामाचा कंटाळा येतो. सून तसं बोलून दाखवायची नाही, पण आजींना ते कळायचं. आजींचं हृदय आवळत होतं व्यवस्थित. सैल होत नव्हतं. सैल न झालेल्या हृदयात रक्त भरायला दाब जास्त लागतो आणि तो दाब मागे फुप्फुसांपर्यंत पोहोचतो. ‘आजींच्या हृदयाला विसावायलाही जोर लावावा लागतो, म्हणून त्या थकतात,’ असं मी त्यांच्या मुलाला आणि सुनेला शेजारी बसवून सांगितलं. आजी काही बोलल्या नाहीत, पण पुढच्या वेळी सून स्वतः त्यांना घेऊन आली आणि औषधांची वेळ तिनेच पाठ करून ठेवली होती. रिपोर्ट चांगला आहे म्हणून माणसाचं दुखणं खोटं ठरवायचं नाही, हा नियम मी तेव्हापासून पाळते आणि माझ्या हाताखाली शिकणाऱ्या मुलांना पाळायला लावते.

अशक्तपणावर आपल्याकडे एक ठरलेला उपाय आहे: सलाइन. ‘डॉक्टर, एक बाटली लावा, तरतरी येईल,’ हा आग्रह मी रोज ऐकते. त्यात माया असते, काळजी असते. पण एकदा मध्यरात्री एका शेतकऱ्याला त्याच्या मुलांनी जीपमधून आणलं तेव्हा त्याच्या तोंडातून फेस येत होता आणि ओठ निळे पडले होते. दिवसभरात त्याला गावात तीन बाटल्या लागल्या होत्या. अर्ध्या लिटरच्या साध्या सलाइनमध्ये साडेचार ग्रॅम मीठ असतं. आधीच मीठ आणि पाणी धरून बसलेल्या शरीरात तीन बाटल्या गेल्या आणि सगळं पाणी फुप्फुसांत उतरलं. मास्क लावून, लघवीचं औषध देऊन पहाटेपर्यंत आम्ही त्याला वाचवलं. सकाळी मुलगा म्हणाला, ‘ताकद यावी म्हणून लावलं हो.’

त्याला मी जे सांगितलं ते आता प्रत्येक घरच्याला सांगते. थकलेल्या हृदयाच्या दाराशी इंधनाची टंचाई नसते. उलट या रुग्णांच्या रक्तात ॲड्रेनालिनसारखी संप्रेरकं वाढलेली असतात, त्यामुळे अंगातली चरबी विरघळून फॅटी ॲसिडचं प्रमाण जास्तच असतं. अनेकांच्या रक्तात साखरही जास्त असते. कमी पडते ती इंधन जाळण्याची क्षमता. अर्धा लिटर पाच टक्के ग्लुकोजमध्ये पाच-सहा चमचे साखर असते. ती तोंडाने दिली काय नि शिरेतून दिली काय, जळायची सोय नसेल तर तिची ताकद होत नाही.

जळण्याची सोय म्हणजे नेमकं काय, हे मला एका तरुणाने दाखवलं. दारूच्या आहारी गेलेला, आठवडेच्या आठवडे धड न जेवलेला मुलगा. अंगभर सूज, हातपाय गरम, नाडी पळत असलेली, रक्तदाब ढासळत चाललेला. हृदयाच्या झडपा ठीक, रक्तवाहिन्या ठीक. त्याला शिरेतून थायमिन, म्हणजे बी-वन जीवनसत्त्व दिलं. दुसऱ्या दिवशी त्याची लघवी मोकळी झाली, नाडी उतरली, आणि दोन दिवसांत तो कॉटवर मांडी घालून बसला. याला वेट बेरीबेरी म्हणतात. साखरेचा अर्धवट मोडलेला रेणू मायटोकाँड्रियातल्या ज्वलनचक्रात जायचा तर थायमिन लागतं. ते नसलं की साखर दारातच अडते. डच डॉक्टर क्रिस्तियान आइकमान यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जावा बेटावर पाहिलं होतं की पॉलिश केलेल्या पांढऱ्या तांदळावर ठेवलेल्या कोंबड्या लुळ्या पडतात आणि कोंड्यासकट तांदूळ दिला की सुधारतात. त्या कामासाठी त्यांना १९२९ चं नोबेल मिळालं. वेट बेरीबेरीचा रुग्ण रोज भेटत नाही. पण मी जो पाहिला त्याने माझी खात्री पटवली की झडप आणि रक्तवाहिनी शाबूत असतानाही केवळ ऊर्जा न बनल्यामुळे हृदय कोसळतं, आणि ऊर्जा बनू लागली की पुन्हा उभं राहतं.

नेहमीच्या हार्ट फेल्युअरमध्ये, मग तो झटका येऊन गेल्यामुळे असो, रक्तदाबामुळे असो की स्नायूच्याच आजारामुळे, अडचण एका जीवनसत्त्वाची नसते. मायटोकाँड्रियांचं काम हळूहळू ढासळत जातं. फॅटी ॲसिड जाळणं कमी होतं, इन्शुलिनला हृदय पूर्वीसारखं दाद देत नाही, साखर अर्धवट मोडली जाते पण पूर्ण जळत नाही. पेशीत फॉस्फोक्रिएटिन नावाचा एक राखीव साठा असतो; मायटोकाँड्रियात तयार झालेली ऊर्जा स्नायूच्या तंतूंपर्यंत पोहोचवण्याचं कामही त्याचंच. आजारात आधी हा साठा घटतो. १९३९ सालीच हेरमन आणि डेचर्ड यांनी निकामी हृदयात क्रिएटिन कमी असल्याचं नोंदवलं होतं. पुढे स्टेफान नॉयबाउअर यांच्या गटाने एमआरच्या तंत्राने, छातीला चाकू न लावता, फॉस्फोक्रिएटिन आणि एटीपी यांचं गुणोत्तर मोजलं. निरोगी माणसात ते दोनच्या आसपास असतं. १९९७ मध्ये त्यांनी दाखवलं की हृदय पसरलेल्या ज्या रुग्णांत ते १.६ च्या खाली होतं त्यांच्यात पुढच्या काळात मृत्यू जास्त झाले. पंपिंगच्या टक्केवारीपेक्षाही हा आकडा भविष्य जास्त नेमकं सांगत होता. एटीपीचा साठा स्वतः मात्र उशिरा घटतो, आजार खूप पुढे गेल्यावर सुमारे तीस टक्क्यांनी. म्हणून हा माणूस खुर्चीत बसलेला असताना बरा दिसतो आणि बादली उचलली की खचतो. बसून राहण्यापुरती ऊर्जा असते, जास्तीच्या कामासाठी राखीव काही नसतं.

इकडे मिळकत घटत असताना दुसरीकडे खर्च वाढत जातो, आणि या आजाराचं खरं क्रौर्य मला यात दिसतं. हृदय पसरतं. पोकळी जितकी मोठी आणि भिंत जितकी पातळ, तितका भिंतीवरचा ताण जास्त, हा लाप्लासचा नियम; तेवढंच रक्त ढकलायला पसरलेल्या हृदयाला जास्त ऑक्सिजन लागतो. रक्त कमी पोहोचतंय असं पाहून शरीर ॲड्रेनालिन वाढवतं, ठोके वाढतात, रक्तवाहिन्या आवळतात, मूत्रपिंड मीठ-पाणी धरून ठेवतं. रक्तस्राव झालेल्या माणसाला वाचवणारी ही यंत्रणा इथे थकलेल्या स्नायूकडून आणखी काम मागते.

औषधांचा इतिहास या नजरेने वाचला की त्यात एक सरळ सूत्र दिसतं. हृदय अशक्त आहे तर त्याला जोर द्यावा, असं सगळ्यांनाच वाटलं. मिलरिनोनच्या गोळ्यांनी हृदय जोरात आवळतं, काही दिवस बरंही वाटतं. १९९१ मध्ये प्रॉमिस या चाचणीचा निकाल आला: गोळी घेणाऱ्यांत मृत्यू २८ टक्क्यांनी वाढले होते. त्याआधी, १९७५ साली, स्वीडनमधल्या गोथेनबर्गला फिन वागस्टाइन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नेमकं उलटं करून पाहिलं होतं. सात रुग्णांना त्यांनी बीटा ब्लॉकर दिले. ही औषधं ठोके कमी करतात, आकुंचनाचा जोर कमी करतात, आणि तेव्हाच्या शिकवणीनुसार हार्ट फेल्युअरमध्ये वर्ज्य होती. रुग्ण सुधारले. जगाला पटायला वीस-पंचवीस वर्षं गेली. १९९९ मध्ये मेरिट-एचएफ आणि सिबिस-दोन या मोठ्या चाचण्यांत मृत्यूचं प्रमाण सुमारे ३४ टक्क्यांनी घटलं, तेव्हा वाद मिटला.

हे रुग्णाला समजावणं सोपं नसतं. ‘हृदय आधीच हळू चालतंय आणि तुम्ही ते आणखी हळू करणार?’ हा प्रश्न रास्त आहे. शिवाय पहिले काही आठवडे या गोळीने थकवा थोडा वाढतोही. एका म्हाताऱ्या शेतकऱ्याला मी नाडी, ठोके, ऑक्सिजन असं सगळं सांगत होते. त्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला, ‘मॅडम, बैल दमला की आसूड वढून काय उपेग? जू उतरवायचं, सावलीला बांधायचं. तुमी त्येच करताय न्हवं?’ इतकं नेमकं मला कुठल्या परिषदेत ऐकायला मिळालं नव्हतं. त्याने गोळी कधी चुकवली नाही. आम्ही दर दोन-तीन आठवड्यांनी मात्रा थोडी-थोडी वाढवत गेलो, आणि सहा-आठ महिन्यांनी इकोमध्ये त्याचं हृदय आकाराने लहान झालेलं दिसलं. त्याचं वाक्य मी नंतर अनेकांना सांगितलं आणि ते प्रत्येकाला पहिल्या फटक्यात समजलं.

शॉकमध्ये गेलेल्या रुग्णाला तासा-दिवसांसाठी डोब्युटामिन द्यावं लागतं आणि ते देताना आम्ही कचरत नाही. पण जोर वाढवण्याची किंमत असते. २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात डाव्या बाजूची विद्युतवाहिनी बंद असलेल्या रुग्णांत दोन उपायांची तुलना केली होती. डोब्युटामिनने हृदयाचं काम सुधारलं, पण ऑक्सिजनचा खर्च वाढला. पेसमेकरने दोन्ही भिंती एकाच वेळी आवळायला लावल्या, काम सुधारलं आणि खर्च उलट कमी झाला. एक भिंत आवळत असताना समोरची सैल राहण्यात जी ऊर्जा फुकट जात होती ती वाचली. मी वर सांगितलेली कोरोनरी सायनसमधली तार याच पेसमेकरची. योग्य रुग्णाला तो बसवला की माणूस फार लवकर सांगतो, ‘आता जरा बरं वाटतंय.’

अलीकडच्या वर्षांत आणखी एक वाट खुली झाली. मधुमेहासाठी आलेल्या एम्पाग्लिफ्लोझिनने हार्ट फेल्युअरमुळे दवाखान्यात भरती होण्याचं प्रमाण कमी होतं, असं २०१५ मध्ये दिसलं. २०१९ मध्ये डापा-एचएफ चाचणीने दाखवलं की त्याच गटातलं डापाग्लिफ्लोझिन मधुमेह नसलेल्या हार्ट फेल्युअरच्या रुग्णांनाही उपयोगी पडतं. आणि २०२१ मध्ये माझ्या त्या आजींसारख्यांसाठी, पंपिंग नॉर्मल असूनही दमणाऱ्यांसाठी, पहिल्यांदाच ठोस पुरावा आला. ग्लिफ्लोझिन गटातली ही औषधं लघवीवाटे साखर आणि थोडं मीठ बाहेर टाकतात आणि रक्तातले कीटोन किंचित वाढवतात. २०२० मध्ये पेनसिल्व्हेनियाच्या संशोधकांनी बिंग यांचीच वजाबाकीची पद्धत आधुनिक यंत्रांनी वापरली, तेव्हा निकामी हृदय कीटोनचा वापर जवळपास तिप्पट करतं, असं दिसलं. बाकी इंधनं जळेनाशी झाली की हृदय आपण होऊन कीटोनकडे वळतं. औषधाचा फायदा यामुळे किती आणि मूत्रपिंडावरच्या परिणामामुळे किती, यावर शास्त्रज्ञांत वाद चालू आहे. रुग्णाला होणाऱ्या फायद्याबद्दल वाद नाही.

हे ऐकून शिकलेली मुलं विचारतात, ‘मग बाबांना कीटो डाएटवर ठेवू?’ नको. नवरात्रात नऊ दिवस कडक उपवास करणारी एक मधुमेही बाई ग्लिफ्लोझिनची गोळी चालू ठेवून उपवास करत राहिली आणि सातव्या दिवशी उलट्या करत, जोरजोरात श्वास घेत आली. रक्तातली साखर फारशी वाढलेली नव्हती, म्हणून आधी कुणाला शंका आली नव्हती. कीटोन मात्र धोक्याच्या पलीकडे गेले होते. ती बरी झाली. आता घटस्थापनेच्या आधी माझ्या ओपीडीत या गोळीच्या प्रत्येक रुग्णाला आम्ही सांगतो: कडक उपवास, उलट्या-जुलाब किंवा ऑपरेशन असेल तर ही गोळी थांबवायची का, हे आधी विचारा.

लोहाची गोष्ट मला विशेष जवळची वाटते, कारण ती आमच्या भागातल्या बायकांची गोष्ट आहे. लोह म्हणजे रक्त, एवढंच आपण धरून चालतो. पण मायटोकाँड्रियात ऑक्सिजन वापरून एटीपी बनवणाऱ्या साखळीलाही लोह लागतं. त्यामुळे हिमोग्लोबिन ठीक असलं तरी साठ्यातलं लोह कमी असेल तर हार्ट फेल्युअरचा रुग्ण जास्त थकतो. २००९ च्या फेअर-एचएफ चाचणीत शिरेतून लोह दिलेल्या रुग्णांची चालण्याची क्षमता वाढली, आणि हिमोग्लोबिन नॉर्मल असलेल्यांनाही तितकाच फायदा झाला. तोंडाने घेतलेल्या गोळ्यांनी २०१७ च्या चाचणीत तो फायदा दिला नाही. हळद काढणीवर जाणारी एक बाई सगळी औषधं नीट घेऊनही ओट्यापाशी उभी राहू शकत नव्हती. हिमोग्लोबिन साडेबारा. साठ्यातलं लोह दाखवणारं फेरिटिन तपासलं, ते फारच खाली होतं. शिरेतून लोह दिल्यावर काही आठवड्यांनी ती म्हणाली, ‘आता भाकरी थापताना मधी बसावं लागत न्हाई.’ तिच्या औषधाचा परिणाम मला याहून चांगल्या भाषेत कुणी सांगितलेला नाही.

एका बाबतीत घरच्यांचं प्रेमच आड येतं. हृदयाचा आजार म्हटला की माणसाला कॉटवर बसवून ठेवतात. पाण्याचा तांब्यासुद्धा हातात देतात. पण थकवा एकट्या हृदयाचा नसतो. हातापायांच्या स्नायूंतल्या मायटोकाँड्रियाही या आजारात कमी होतात आणि बसून राहिल्याने आणखी झिजतात. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एचएफ-ॲक्शन चाचणीने देखरेखीखालचा व्यायाम सुरक्षित असल्याचं दाखवलं. माझा एक रुग्ण, साखर कारखान्यातून निवृत्त झालेला, आधी अंगणात चार फेऱ्या मारायचा. काही महिन्यांनी तो गावच्या बसथांब्यापर्यंत जाऊन पेपर घेऊन यायला लागला. बोलता येईल इतपत चालायचं, बोलताना धाप लागली की थांबायचं, एवढाच नियम त्याला दिला होता.

केरळमधल्या त्रिवेंद्रम हार्ट फेल्युअर रजिस्ट्रीत २०१३ साली नोंदलेल्या रुग्णांचं सरासरी वय ६१ च्या आसपास होतं, पाश्चात्त्य देशांतल्या रुग्णांपेक्षा सुमारे दहा वर्षांनी कमी. वर्षभरात त्यातले तीस टक्के दगावले. आपल्याकडे हा आजार कमावत्या वयात येतो, घर चालवणाऱ्याला गाठतो. आणि आज आपल्या हातात बीटा ब्लॉकर, रक्तवाहिन्या सैल करणारी औषधं, स्पायरोनोलॅक्टोन आणि ग्लिफ्लोझिन अशी चार प्रकारची औषधं आहेत. यातलं एकही औषध हृदयाला जोर चढवत नाही. ती हृदयावरचं ओझं उतरवतात आणि हृदय जगवतात.

बाळंतपणानंतर हृदय निकामी झालेली एक तरुण आई वर्षभराच्या उपचारांनी पूर्ण सुधारली, इको नॉर्मल आला. तिने विचारलं, ‘आता गोळ्या बंद करू?’ मी तिला लंडनच्या ट्रेड-एचएफ अभ्यासाबद्दल सांगितलं. हृदय पसरण्याच्या आजारातून सुधारलेल्या रुग्णांची औषधं तिथे डॉक्टरांच्या देखरेखीखाली कमी करून बंद केली, तर सहा महिन्यांत चाळीस टक्क्यांहून अधिक जणांचा आजार परतला. तिचा आजार थोडा वेगळा, पण सावधगिरी तीच. ती आजही गोळ्या घेते आणि मुलाला शाळेत सोडायला चालत जाते.

हे वाचणाऱ्यांपैकी कुणाच्या घरी असा रुग्ण असेल तर माझी कळकळीची विनंती आहे. त्याच्या थकव्याला आळस म्हणू नका. ताकदीसाठी सलाइन लावून घेऊ नका. पापड, लोणचं, उपवासाचे खारे वेफर्स हातभर दूर ठेवा. रोज सकाळी लघवीला जाऊन आल्यावर वजन करा आणि दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. फेरिटिन तपासलं आहे का, ते विचारा. रोज थोडं चालवा. आणि बरं वाटायला लागलं म्हणून एकही गोळी स्वतःहून बंद करू नका. बरं वाटतंय ते त्या गोळ्या चालू आहेत म्हणून.